कात्रीचा अधिकार

कलाकृती पूर्ण होऊन लोकांपुढे आली की ती कोणाची, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. परंतु तो बहुधा अर्थाच्या पातळीवरच विचारला जातो. वाचक कृतीचा अर्थ लावतो, प्रसंगी लेखकाच्या ध्यानीमनी नसलेलाही लावतो, आणि त्याचा हा अधिकार आपण आता निमूटपणे मान्य केला आहे. मात्र हाच वाचक उद्या हातात कात्री घेऊन कृतीच्या देहालाच भिडला, तर तो समीक्षक ठरेल की आगंतुक? या प्रश्नाचे उत्तर देण्याचे आपण आजवर टाळले आहे. ते टाळता येऊ नये असा एक प्रसंग एका विज्ञानपटाच्या निमित्ताने अमेरिकेत घडला. विषय लोकप्रिय चित्रपटाचा आहे म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण येथे पणाला लागलेली गोष्ट संहिता ही आहे.

जॉर्ज लुकस यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द फँटम मेनेस’ हा चित्रपट मे १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. १९७७ ते १९८३ या काळात आलेल्या तीन ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या आधीची कथा तो सांगतो. म्हणजेच ती पूर्वकथा आहे. सोळा वर्षे वाट पाहिलेल्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरली आणि त्यांतील पुष्कळजण खिन्न होऊन बाहेर पडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत लॉस एंजेलिस परिसरात ‘द फँटम एडिट’ नावाची एक ध्वनिचित्रफीत हातोहात फिरू लागली. तिच्या कर्त्याने प्रारंभी आपले नाव लपविले होते. पुढे माइक जे. निकोल्स या व्यावसायिक संकलकाचे ते काम असल्याचे उघड झाले. त्याच्यापाशी ना मूळ चित्रीकरण होते, ना कोणाची परवानगी. बाजारात मिळणारी फीत तेवढी होती. सव्वादोन तासांचा चित्रपट त्याने दोन तासांच्या आत आणला. जार जार बिंक्स या विदूषकी पात्राचा वावर कमी केला, यंत्रसैनिकांची बडबड छाटली, बाल अ‍ॅनाकिनचे बालिश उद्गार काढले, आणि पुनरुक्त स्पष्टीकरणांना रजा दिली. आपण काय गाळले व का गाळले, हे त्याने आरंभीच्या सरकत्या मजकुरातच प्रेक्षकांना सांगून टाकले.

यावर जे आक्षेप घेण्यात आले त्यांतील पहिला अर्थातच उद्धटपणाचा. निर्मात्याला आपली कृती कळली नाही आणि तिऱ्हाइताला ती कळली, असे मानणे म्हणजे अहंकाराची परिसीमा, असे या आक्षेपाचे स्वरूप. परंतु तो घेणारे निर्मितीविषयी एक भाबडी कल्पना उराशी बाळगून असतात. १९७७ चा मूळ चित्रपट तरी एकट्या लुकस यांच्या प्रतिभेतून संपूर्ण उतरला होता काय? त्याचे पहिले कच्चे संकलन फसले होते. संकलक बदलावा लागला. मार्शा लुकस, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू या तिघांनी ते काम नव्याने उभे केले, आणि संकलनाचे ऑस्कर पारितोषिक त्या तिघांच्या नावावर जमा आहे. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणून नमस्कार करतो, तेच मुळात एक पुनःसंकलन होते. फरक एवढाच की, त्या वेळी कात्री चालविणारी माणसे दिग्दर्शकाच्या शेजारी बसून त्याला नाही म्हणू शकत होती.

१९९९ साली असे नाही म्हणणारे कोणी उरले होते काय, हाच खरा प्रश्न आहे. या चित्रपटाच्या निर्मितीवरील माहितीपटात पहिल्या कच्च्या संकलनानंतरची चर्चा टिपलेली आहे. एका नायकाच्या मृत्यूचा शोक, विदूषकाची गंमत आणि विजयाचा जल्लोष हे सारे अवघ्या काही क्षणांत एकमेकांवर आदळते, ही अडचण संकलक बेन बर्ट यांनीच तेथे बोलून दाखविली. आपण काही ठिकाणी मर्यादा ओलांडली असावी, हे लुकस यांनाही जाणवले. पण कथेचे धागे परस्परांत असे गुंतले आहेत की कोणताही तुकडा सहज काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. निकोल्स यांच्या फितीने या म्हणण्याचे जे खंडन केले, ते शंभर पाने लिहूनही एखाद्या समीक्षकाला साधले नसते. तुकडे काढता येत होते. ते काढल्यावर इमारत कोसळली नाही. उलट तिचे खांब दिसू लागले.

आता कोणी म्हणेल की, हे केवळ नावडते वगळणे झाले. वगळण्याने कथा बळकट होते हे कसे? त्यासाठी ही कथा कोणाची, हे विचारले पाहिजे. मूळ चित्रपटाला या प्रश्नाचे उत्तर ठरविता आलेले नाही. वृद्धत्वाकडे झुकलेला योद्धा क्वाय-गॉन, संकटात सापडलेली तरुण राणी आणि गुलामीत वाढलेला नऊ वर्षांचा मुलगा यांच्यात तो विभागला जातो. शेवटी तर मैदानातील लढाई, राजवाड्यातील मोहीम, अंतराळातील चकमक आणि तलवारींचे द्वंद्व अशा चार आघाड्या तो एकदम उघडतो. परंतु या सगळ्या गोंगाटाखाली एक विलक्षण गोष्ट दबलेली आहे. एका गुलाम स्त्रीच्या मुलाला भविष्यवाणीच्या भरवशावर नेले जाते. मुलगा मुक्त होतो, आई गुलामीतच राहते. शपथबद्ध न्यायरक्षकांचा तो सबंध पंथ तिच्यासाठी परत येत नाही. तिला सोडवून तिच्याशी लग्न करतो तो एक साधा शेतकरी. २००२ साली आलेल्या पुढच्या भागात ती मुलाच्या मांडीवर प्राण सोडते आणि तेथून त्याच्या अधःपाताला उतार लागतो. म्हणजे शोकांतिकेचे बीज १९९९ च्या चित्रपटात स्पष्ट रोवलेले होते. त्यावर विदूषकाची माती लोटली गेली.

पूर्वकथेची खरी अडचणही येथेच कळते. तिचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो, म्हणून ती फसणारच, असे सांगितले जाते. हे मला मान्य नाही. भारतीय श्रोत्याला कर्णाचा शेवट ठाऊक नव्हता असा एकही दिवस उगवलेला नाही. तरीही कुंती नदीकाठी त्याला भेटते तेव्हा तो श्वास रोखून ऐकतो. शेवट ठाऊक असला की ‘काय होणार’ हे कुतूहल विझते आणि ‘हे कसे होऊ दिले’ हा अधिक जाळणारा प्रश्न पेटतो. ‘द फँटम मेनेस’ने हा दुसरा प्रश्न विचारण्याऐवजी व्यापारी निर्बंधांचे आणि रथशर्यतीचे तपशील पुरविले. अंतराळातील शत्रूचे जहाजसुद्धा तो मुलगा जवळजवळ चुकून उडवितो. ज्याच्या निवडींवर पुढची पाच कथानके उभी राहणार, त्याला लेखकाने निवड करण्याची संधीच दिली नाही. निकोल्स यांनी अशा प्रसंगांतील चुकचुकाटाचे उद्गार कापले, तेव्हा त्या मुलाच्या कृतीला निदान इच्छेची छाया लाभली. कात्री यापलीकडे जाऊ शकत नाही. जे चित्रित झाले नाही ते ती निर्माण करू शकत नाही. आणि हे स्पष्ट दाखविणे हेही पुनःसंकलनाचे समीक्षात्मक मूल्यच आहे. दोष छाटण्याजोगा कोठे आहे आणि रचनेतच कोठे मुरलेला आहे, याचा निवाडा ते करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लेखकाच्या नैतिक हक्काचा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ हा हक्क मान्य करते. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाबाबत मन्नू भंडारी यांनी दाद मागितली, तेव्हा १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो गांभीर्याने विचारात घेतला. लेखकाच्या नावावर दुसऱ्याने केलेली मोडतोड खपविली जाऊ नये, यात दुमत होण्याचे कारण नाही. किंबहुना या हक्काच्या बाजूने १९८८ साली अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देणाऱ्यांत स्वतः लुकस होते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याच्या प्रथेविरुद्ध ते तेथे बोलले. कलाकृती हा समाजाचा सांस्कृतिक वारसा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

परंतु पुढे काय घडले? १९९७ साली त्याच लुकस यांनी आपल्या पहिल्या तीन चित्रपटांत नवी दृश्ये व नवे परिणाम घातले, एका व्यक्तिरेखेच्या नीतीला वळण देणारा गोळीबाराचा प्रसंग बदलला, आणि यापुढे हीच खरी संहिता, असे जाहीर केले. प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांनी पाहिलेली संहिता बाजारातून हटली. २००६ मध्ये ती पुरवणी म्हणून थोड्या काळापुरती मिळाली, इतकेच. मी विचारतो, वारशाला अधिक इजा कोणी केली? मूळ शाबूत ठेवून, बदल जाहीर करून, शेजारी आपला पाठ मांडणाऱ्या निकोल्स यांनी, की मूळच पुसून टाकू पाहणाऱ्या मालकाने? लेखकाला सुधारणेचा हक्क आहे. इतिहास खोडण्याचा हक्क त्यालाही नाही.

मराठी वाचकाला हा विवेक परका नसावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती प्रती ताडून, काळाचा उल्लेख करून, आपल्या नावानिशी. आणि तीत नवी ओवी घुसडणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा ठरविले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या कामाला विष्णु सीताराम सुखठणकरांनी शिस्त लावली आणि ते १९६६ साली पुरे झाले. गणेशाने भारत लिहून घेतल्याचा लोकप्रिय प्रसंग तीत मुख्य पाठाबाहेर गेला; पण नष्ट झाला नाही, परिशिष्टात राहिला. एकनाथ व सुखठणकर मूळ शोधत होते, निकोल्स मुळालाच छाटत होते, हा भेद मी नाकारत नाही. म्हणूनच त्यांच्या फितीला संहितेची प्रतिष्ठा देता येणार नाही. तिला भाष्याची प्रतिष्ठा द्यावी. मात्र तिन्ही ठिकाणी नीती एकच आहे: काय बदलले ते सांगा, आणि जे वगळले ते जिवंत ठेवा. याउलट ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधून १९४२ साली चित्रपटसंस्थेने कापलेला भाग पुढे नष्ट करण्यात आला. ती कात्री कायदेशीर होती, आणि तिच्याइतका मोठा अपराध कोणत्याही चोरट्या फितीने केलेला नाही.

एक मर्यादा मात्र कात्रीवाल्यांनीही पाळावी. पात्र कापणे वेगळे आणि माणूस कापणे वेगळे. जार जारची भूमिका करणारे अहमद बेस्ट यांच्यावर त्या काळी इतकी कुचेष्टा कोसळली की आपण जीव देण्याच्या टोकाला पोहोचलो होतो, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. अ‍ॅनाकिनची भूमिका करणारा जेक लॉइड तर प्रदर्शनाच्या वेळी दहा वर्षांचा होता. दोष लेखनाचा असता शिक्षा नटाला झाली. निकोल्स यांच्या संकलनाने दोष जेथे होता तेथेच, म्हणजे रचनेत, बोट ठेवले. कुचेष्टा करणाऱ्यांना तेवढाही विवेक दाखविता आला नाही. म्हणूनच चांगले पुनःसंकलन हे टवाळीपेक्षा अधिक सभ्य असते: ते कृतीशी मेहनतीने भांडते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? फसलेल्या कृतीवर शेरा मारणे सोपे असते. ती आपल्या हाताने पुन्हा रचून पाहिली की कोणते वाक्य भार वाहते आणि कोणते नुसते ओझे आहे, हे कळू लागते. असे काम करणाऱ्याने मूळ कृती जपावी, आपली कात्री उघड ठेवावी आणि लेखकाच्या नावावर आपला पाठ खपवू नये. या अटी पाळणाऱ्याला आगंतुक म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याने कृती इतक्या बारकाईने वाचली की तिच्या प्रत्येक जोडापर्यंत तो पोहोचला, तो तिचा सर्वांत निष्ठावंत वाचक असतो.