राजीनाम्याचा कागद थोडा थांबू द्या



बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एखाद्या वस्तीवरील घर डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा एसटीचा चालक, वय पंचेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी पहाटेच्या फेरीला निघण्याच्या बेतात असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, जीव वाचला. उजवा हात मात्र अजून मनासारखा उचलत नाही आणि बोलताना मधूनच एखादा शब्द अडतो. ओसरीवर त्याचे वडील, निवृत्त शिक्षक, रेघी कागदावर नीटस अक्षरांत लिहीत बसले आहेत. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने सेवेचा राजीनामा देत आहे.’ मुलाने फक्त सही करायची आहे. “दादा, झाली तेवढी नोकरी पुरे. देवाने जीव ठेवला, हेच खूप. घरचा दोन एकर ऊस आहे, बसून खा.” आई पदराने डोळे टिपते. सूनबाई दाराआडून ऐकते. तिच्या मनात मुलांच्या शाळेचा विचार असतो, पण सासऱ्यांपुढे ती बोलत नाही.

हे घर कोणा एका कुटुंबाचे नाही. अनेक घरांत घडणारी गोष्ट उदाहरणादाखल येथे मांडली आहे. या घरात कोणाच्याही मनात वाईट नाही. वडिलांच्या शब्दांत माया आहे. तरीही तो कागद आज लिहिला जाऊ नये, एवढेच या लेखात आपणांस सांगायचे आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहू. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत अधिक असतो आणि त्यानंतरही ती पूर्णपणे थांबत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात दिसणारा हात हा अखेरचा हात नव्हे. दुसरे असे की, पक्षाघातातून वाचलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला पुढे नैराश्य ग्रासते. त्या मनःस्थितीत माणसाला सर्वच दारे बंद झाल्यासारखी वाटतात आणि समोर ठेवलेल्या कागदावर तो सही करून मोकळा होतो. जन्मभराचे निर्णय अशा दिवसांत घेऊ नयेत, हे आपण ज्येष्ठांनी इतरांना अनेकदा सांगितलेले असते. येथे ते स्वतःलाच सांगायचे आहे.

‘पूर्ण बरा झाला की कामाचे पाहू’ हाही आपल्याकडचा एक रूढ समज. अनुभव मात्र उलट सांगतो. माणूस कामापासून जितका दीर्घकाळ दूर राहतो, तितके त्याचे परतणे अवघड होत जाते. हात सुधारतो, पण पहाटे उठण्याची सवय मोडते, सहकाऱ्यांचे फोन कमी होतात, आत्मविश्वास ओसरतो. म्हणून कामावर परतण्याची तयारी हा उपचारानंतरचा टप्पा न मानता उपचाराचाच एक भाग मानावा.

मधला दुवा

डॉक्टर आजार पाहतात, घर रुग्ण सांभाळते, मालक कामाची पाळी भरतो. या तिघांना जोडणारे कोणी नसते. कित्येक देशांत हे जोडण्याचे काम हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. कॅनडात वोल्फगँग झिमरमन नावाचा तरुण १९७७ मध्ये जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असताना झाडाखाली सापडला आणि कायमचा अपंग झाला. पुढे त्याच्याच पुढाकाराने १९९४ मध्ये तेथे अपंगत्व व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कामावर परतणाऱ्यांचा समन्वयक आणि अपंगत्व व्यवस्थापनाचा व्यावसायिक अशा दोन पातळ्यांची प्रमाणपत्रे ती संस्था परीक्षा घेऊन देते, आणि ही पद्धत आता इतर देशांतही रुजली आहे. कायदा, विमा, कामगार-मालक संबंध, संवाद आणि रुग्णाची मानसिकता असे सारे त्या उमेदवाराला अवगत असावे लागते. जर्मनीत तर २००४ पासून असा नियम आहे की, बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्यापुढे मालकाने स्वतःहून परतीच्या योजनेचा प्रस्ताव ठेवलाच पाहिजे. तो स्वीकारायचा की नाही, हे कर्मचारी ठरवतो.

आपल्या मातीलाही ही कल्पना परकी नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना नवा व्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या संस्थेने जाणले होते की, जखम भरून आली म्हणजे माणूस उभा राहिला असे नाही. त्याच्या हाताला काम लागते तेव्हा तो उभा राहतो. त्या सैनिकांमागे संस्था होती. आपल्या वस्तीवरील चालकामागे आज बहुधा असे कोणी नसते. तो समन्वयक कुटुंबालाच व्हावे लागते.

कायद्याचा आधार

त्यासाठी कायदा ठाऊक हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मधील पोटकलम ४ आपल्या वहीत लिहून ठेवावे. सेवेत असताना ज्याला अपंगत्व येते, त्याला कोणतीही शासकीय आस्थापना कामावरून कमी करू शकत नाही किंवा त्याचा हुद्दा खाली आणू शकत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद रिकामे नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. शासकीय आस्थापना या शब्दात कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थाही येतात.

१९९५ च्या जुन्या कायद्यातही असेच कलम होते. पाय गमावलेल्या कुणाल सिंह या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्याच आधारे निकाल दिला. सेवेत अपंगत्व आलेल्या माणसाला संरक्षण मिळाले नाही, तर तो एकटाच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेले सारेच भरडले जातात, असा त्या निकालाचा आशय आहे. दाराआड उभ्या असलेल्या सूनबाईची बाजू न्यायालयाने मांडली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता ओसरीवरच्या कागदाकडे पाहा. हे संरक्षण सेवेत असणाऱ्याला आहे. ज्याने आपल्या हाताने ‘स्वेच्छेने’ असे लिहून दिले, त्याला पुढे आपली बाजू मांडणे फार कठीण जाते. मायेपोटी लिहिलेला तो एक शब्द कुटुंबाला मिळू शकणारे वर्षानुवर्षांचे वेतन हिरावून घेऊ शकतो.

खाजगी कारखान्यातील कामगाराला कलम २० मधील हे संरक्षण याच शब्दांत मिळत नाही; पण तो अगदी निराधारही नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असे हाच कायदा सांगतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आपले कोणी काम करत असेल, तर हे धोरण मागून पाहावे. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांना आवश्यक अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. काही ठराविक दीर्घ आजारांत ती ८० टक्के असून मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. कामावरील अपघाताने तात्पुरते अपंगत्व आले, तर ते असेपर्यंत ९० टक्के रक्कम मिळते. यासाठी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र वेळच्या वेळी सादर करणे अत्यावश्यक आहे.

घराने काय करावे?

पहिल्याच आठवड्यात कार्यालयाला लेखी कळवावे, रजेचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी निरोप पुरावा ठरत नाही.

डॉक्टरांकडून केवळ ‘अनफिट’ असा शेरा घेऊन येऊ नये. काय जमत नाही याबरोबर काय जमते, हेही लिहून देण्याची नम्र विनंती करावी. सलग किती वेळ बसता येते, किती किलो वजन उचलता येते, जिने चढता येतात का, रात्रपाळी झेपेल का, लेखन-वाचन कितपत होते? मालकाला आजाराच्या सविस्तर माहितीपेक्षा या उत्तरांची गरज अधिक असते. फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ यात मोलाची मदत करतात.

मग त्याच्या कार्यस्थळी कोणती कामे असतात, याची यादी त्याच्याबरोबर बसून करावी. प्रवाशांनी भरलेली गाडी पुन्हा चालवावी की नाही, हे डॉक्टरच ठरवतील आणि त्यांचा नकार मान्यच करावा. मागे चाळीस-पन्नास जीव बसलेले असतात. पण आगारात आरक्षणाची खिडकी असते, भांडार असते, कार्यालय असते. साखर कारखान्यात गव्हाणीवरचे किंवा मिलमधले काम झेपले नाही, तरी वजनकाटा, टाइम ऑफिस, शेतकी विभाग असतो. गळीत हंगामाच्या धावपळीत परतण्यापेक्षा हंगाम संपल्यावर, आरंभी रोज तीन-चार तास आणि हळूहळू पूर्ण पाळी, असा क्रमही सुचवता येतो. आपण नेमके सुचवले, तर समोरच्याला होकार देणे सोपे जाते.

सुधारणा थांबल्यासारखी वाटली आणि काही उणीव राहिली, की ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावरून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी व ओळखपत्रासाठी अर्ज करावा. शासकीय कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो. तेथे दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, आपल्याच जिल्ह्यात आहे.

घरी शेतीच असेल, तर तेथेही हाच विचार करावा. ‘तू बांधावर येऊ नको’ असे म्हणण्यापेक्षा मोटार चालू-बंद करणे, दुधाचा हिशेब ठेवणे, मजुरांची हजेरी लिहिणे ही जबाबदारी खरोखरच त्याच्याकडे सोपवावी. मन रमवण्यापुरते दिलेले काम त्याला लगेच ओळखू येते आणि लागतेही.

ज्येष्ठ वाचकहो, अखेरची विनंती आपणांस. घरातील आपला शब्द मोडला जात नाही, म्हणूनच तो जपून वापरावा. ‘आता बसून खा’ हे आशीर्वादासारखे वाटणारे वाक्य पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या कानी निकालासारखे पडते. त्याऐवजी, “दादा, घाई नाही. डॉक्टर काय म्हणतात ते पाहू, आणि मग आगारात दोघे मिळून जाऊ,” असे म्हणून पाहावे.

आणि त्या निवृत्त गुरुजींचे नीटस अक्षर वाया जाण्याचे कारण नाही. तोच रेघी कागद, तीच लेखणी. वर आगार व्यवस्थापकांचा पत्ता, विषयाच्या ओळीत ‘वैद्यकीय रजा व पर्यायी पदाबाबत विनंती’ आणि खाली चिरंजीवांची सही. उजवा हात थरथरत असेल, तर थोडा वेळ लागेल. लागू द्यावा.