सवलत तिकिटात, अडथळा पायरीत

सप्टेंबर २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात दोन समारंभ अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने पार पडले. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वेगाडी सुटली आणि तीन दशकांची प्रतीक्षा निदान अर्ध्या वाटेवर फळाला आली. २० सप्टेंबरला मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एका ठिकाणी दुष्काळी जिल्ह्याची डेमू गाडी, दुसऱ्या ठिकाणी सागरी सहलीची अलिशान जहाजे. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणालाही वाटणार नाही. परंतु एक प्रश्न या दोन्ही धक्क्यांवर सारखाच उभा आहे: ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याने वाहनात चढावे कसे?

क्रूझचा प्रवास हा आता केवळ धनिकांचा विषय राहिलेला नाही. अलीकडच्या काळात मुंबईहून गोव्याकडे पर्यटन जहाजे जाऊ लागली, आणि सेवानिवृत्तीची रक्कम हाती आल्यावर एकदा समुद्र पाहावा, अशी इच्छा बीड किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने धरली, तर त्यात नवल नाही. अशा प्रवाशांत गुडघे दुखणारे, लकवा होऊन गेलेले, चाकाच्या खुर्चीवाचून न हलू शकणारे लोक पुष्कळ असतात. जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी त्यांच्यासाठी एक रीत बसविली आहे. तिकीट काढतानाच प्रवाशाने आपली अडचण सांगावयाची. खुर्ची स्वतःची आहे की हवी आहे, ती हाताने चालणारी की बॅटरीवर चालणारी, तिची रुंदी किती, हे सर्व आधी कळवावयाचे. जहाजावरील सामान्य खोलीचे दार अरुंद असते आणि न्हाणीघराला उंबरठा असतो. म्हणून रुंद दाराच्या, विनाउंबरठ्याच्या काही मोजक्या खोल्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या लवकर भरतात, तेव्हा मागणीही लवकर करावी लागते. प्रवासाच्या दिवशी कंपनीचा माणूस टर्मिनलपासून जहाजात जाईपर्यंत सोबत करतो आणि उतरतानाही तेच होते.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत, आणि त्या जाणत्या प्रवाशाने आधीच समजून घ्याव्यात. ही मदत चढण्या-उतरण्यापुरती असते; दिवसभर सोबत राहणारा माणूस कंपनी देत नाही. जेथे जहाज धक्क्याला लागत नाही आणि खोल पाण्यात नांगर टाकून प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेले जाते, तेथे समुद्र खवळलेला असला, तर खुर्चीतल्या प्रवाशाला जहाजावरच थांबावे लागते. संकटकाळी जहाजातील लिफ्ट वापरता येत नाहीत. अशा वेळी कोणाला उचलून न्यावयाचे आहे, हे खलाशांना आधी ठाऊक असावे लागते. म्हणून अडचण लपविणे हे तेथे केवळ गैरसोयीचे नव्हे, तर धोक्याचेही ठरते. पण मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. तेथे मदत ही कोणाच्या दयाबुद्धीवर सोडलेली नाही. ती प्रवासाचाच एक भाग मानलेली आहे, आणि ती करणे हे कोणा एकाचे नेमून दिलेले काम आहे.

पैसेवाल्यांच्या जहाजाला जे जमते, ते एसटीला कसे जमावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु कायद्याने हा भेद कधीच केलेला नाही. अपंग व्यक्तींसाठी देशात १९९५ मध्ये जो पहिला व्यापक कायदा झाला, त्याच्या ४४ व्या कलमात रेल्वेचे डबे, बसगाड्या, जहाजे आणि विमाने यांचा उल्लेख एकाच दमात आहे. अर्थात, त्याच कलमात आर्थिक कुवतीच्या मर्यादेची पळवाटही होती, आणि तिचा यथेच्छ उपयोग करण्यात आला. २०१६ च्या नव्या कायद्याने सुगम वाहतुकीचे कर्तव्य अधिक स्पष्ट शब्दांत शासनावर टाकले. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने सरकारी बसगाड्यांपैकी निदान काही गाड्या पूर्णपणे सुगम करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन बसगाड्यांत राखीव आसने, धरावयाचे दांडे, कुबड्या अडकविण्याची सोय आणि चाकाच्या खुर्चीची तरतूद यांचा समावेश झाला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असलेच पाहिजेत, असा निर्वाळा दिला. तात्पर्य, कागदावर काही उणे राहिलेले नाही. उणे आहे ते बसस्थानकाच्या फरशीवर.

महाराष्ट्र शासनाने तिकिटाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ या वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट लागते. अपंग प्रवाशांना आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या सोबत्यालाही सवलत आहे. या योजनांनी खेड्यापाड्यांतील वृद्धांना घराबाहेर काढले, लेकीच्या गावी नेले, पंढरीला नेले. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. साध्या एसटीची पहिली पायरी ज्याने पंचाहत्तरी ओलांडल्यावर चढून पाहिली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. दार अरुंद, पायरी उंच, मागून गर्दीचा रेटा, आणि गाडी फलाटाला लागण्याऐवजी चार हात अलीकडेच उभी! जो चढू शकतो त्यालाच ही फुकट सवारी. जो चढू शकत नाही त्याला तिकीट माफ असले काय आणि नसले काय.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो अन्य जिल्ह्यांच्या मानाने अधिक बोचरा आहे. चालता न येणाऱ्याने सोबती आणावा, हे आपल्या सर्व सवलतींमागचे गृहीत आहे. परंतु दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरातील कर्ता मुलगा जातो, सून जाते, आणि वाड्या-तांड्यांवर मागे राहतात ते म्हातारे-कोतारे आणि लहान मुले. पाच-सहा महिने ज्या घरात धडधाकट माणूसच नसतो, त्या घरातील वृद्धेने सोबती आणावा कोठून? तिला मात्र याच काळात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात तपासणीला जावयाचे असते, जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यावयाचे असते, निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालावयाचे असतात. शरीराने अपंग आहोत हे सिद्ध करण्यासाठी धडधाकट माणसाइतका प्रवास करावा लागावा, ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही असे नाही. ती सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, एवढेच.

तेव्हा प्रश्न उपकरणांचा जितका आहे, तितकाच माणसाचा आहे. सर्व गाड्या एका रात्रीत बदलता येणार नाहीत. महामंडळाची आर्थिक ओढाताण सर्वज्ञात आहे, आणि एकट्या वाहकाने तिकिटेही फाडावीत व वृद्धांना उचलूनही घ्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकावर एक सुस्थितीतील चाकाची खुर्ची असणे, गाडीच्या दाराशी लावता येईल असा एक भक्कम हलता उतार असणे, अशा प्रवाशासाठी गाडी फलाटाला नीट लावून घेणे, गर्दी चढण्यापूर्वी त्याला चढू देणे आणि पुढचे राखीव आसन खरोखर रिकामे ठेवणे, यांसाठी अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. यासाठी लागते ती एक साधी गोष्ट: प्रत्येक पाळीत हे काम कोणाचे, हे ठरलेले असणे आणि त्याचे नाव चौकशी खिडकीवर लिहिलेले असणे. आदल्या दिवशी दूरध्वनी करून प्रवाशाने कळवावे आणि वाहतूक नियंत्रकाने ते वहीत नोंदवावे. क्रूझ कंपनी याहून मूलतः वेगळे काही करीत नाही.

नोंद घेतली म्हणजे सर्व साधले, असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर परदेशातून आलेल्या एका वृद्ध दाम्पत्याने आगाऊ नोंदणी करूनही त्यांना एकच खुर्ची मिळाली. पत्नीला त्या खुर्चीत बसवून ८० वर्षांचे गृहस्थ पायी चालू लागले आणि वाटेतच कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. गेलेला जीव दंडाने परत येत नाही. पण तेथे निदान जबाब विचारला गेला, कारण जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते. बसस्थानकावर पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत जबाब विचारावयाचा कोणाला, हेच ठरलेले नसते. दोष अखेर त्याच्या वयाच्या माथी मारला जातो.

थोडा दोष प्रवाशांकडेही जातो. मदत मागणे म्हणजे लाचारी, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. ‘कशाला कोणाला त्रास’ असे म्हणत वृद्ध माणसे दात-ओठ खाऊन चढतात, आणि न जमले तर पुन्हा घराबाहेर पडण्याचे नावच काढीत नाहीत. असा माणूस मग कोणत्याच मोजणीत येत नाही, आणि ‘अशा प्रवाशांची मागणीच नाही’ असा शेरा मारावयास कचेरी मोकळी होते. परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्यांखाली हात जोडून परतणाऱ्यांची गणना कोणी केली आहे? येथे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. दाखल्यासाठी आलेल्याला ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी त्याच्या उद्याच्या प्रवासाचा विचार करणे हे कारकुनाच्या हातचे आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्यांनी गळिताच्या हंगामात बसस्थानकांवर आळीपाळीने उभे राहणे अशक्य नाही. मात्र अशी सेवा ही यंत्रणेला पुरवणी असावी. यंत्रणेला सबब नव्हे.

बीडच्या रेल्वेपुढे तर एक दुर्मीळ संधी आहे. जुन्या स्थानकाची मोडतोड करून सुधारणा करणे खर्चाचे असते. नव्या स्थानकात आरंभीच उतार, रुंद दार, जवळचे प्रसाधनगृह आणि मदतीचा माणूस यांची व्यवस्था करणे तुलनेने स्वस्त पडते. हा मार्ग अद्याप परळीपर्यंत पोचावयाचा आहे. वाटेतील प्रत्येक स्थानकाचे बांधकाम पुरे होण्यापूर्वी जिल्ह्यातील अपंगांच्या संघटनांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना तेथे नेऊन, फलाटावरून डब्यात प्रत्यक्ष चढून दाखवावयास सांगावे. जेथे ते अडतील, तेथे बांधकाम अपुरे आहे असे समजावे. तीस वर्षे गाडीची वाट पाहिलेल्या पिढीतील पुष्कळ माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांनी तरुणपणी रेल्वेसाठी मोर्चे काढले, त्यांना ती आली तेव्हा फलाटावरूनच पाहावी लागू नये, एवढी दक्षता रेल्वेने आणि जिल्हा प्रशासनाने घेतलीच पाहिजे.