निगेटिव्ह माणसाची तक्रार

‘स्कॅन करून घ्या आणि निगेटिव्ह टाकून द्या’ असा सल्ला देत हिंडणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. तक्रार ऐकीव नाही. तो सल्ला मी अर्धा मानला, आणि त्या अर्ध्याचे 1,800 रुपये मोजले.

झालं असं, की दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत अण्णांच्या आगफा क्लिक थ्रीचे 10 रोल. एका रोलला 12 फोटो, एकूण 120. (टॅली झालं. बँकेतला माणूस आहे, सुटका नाही.) छपाईला पैसे पडत म्हणून अण्णांनी त्यातले मोजकेच छापून घेतले होते. कन्येने एक पट्टी उजेडात धरून विचारलं, “बाबा, हे कुणाचे एक्स-रे?” त्याच दिवशी आम्ही डबा घेऊन एका दुकानात गेलो. दर निगेटिव्हमागे 15 रुपये. चार दिवसांनी पेनड्राइव्ह हातात ठेवत दुकानदार म्हणाला, “साहेब, निगेटिव्ह टाकून देऊ ना?”

मी नको म्हटलं. प्रेमाने नव्हे, सवयीने. नोंद व्हाउचरशी ताडून पाहिल्याशिवाय आमच्यात कोणी सही करत नाही.

घरी येऊन ताळा करायला बसलो. पहिल्या फोटोत आमच्या समस्त स्त्रीवर्गाचे पदर उजव्या खांद्यावर! कोकणातलं खानदान एका रात्रीत गुजराती झालं होतं. फिल्मला एक चकचकीत आणि एक मंद बाजू असते. चकचकीत बाजूने पाहिलं की चित्र सुलटं. ती ज्याला पाहायची नव्हती, त्याने ती पाहिली नाही. पुढच्या फोटोत काकांच्या मिशा गायब. ही करामत धूळ पुसणाऱ्या यंत्राची. ते फिल्मवर इन्फ्रारेड किरण सोडतं. रंगीत फिल्ममधून किरण आरपार जातात, धुळीला अडतात, म्हणून धूळ कुठे आहे ते यंत्राला कळतं. पण ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं. किरण त्यालाही अडतात. यंत्राने काकांच्या मिशा धूळ समजून झाडल्या. काकूला हे आवडलं, तो भाग वेगळा.

इथवर मी हसत होतो. मग 1984 सालचा फोटो आला. वाड्याच्या अंगणात मी, वय वर्षे तीन, लाकडी घोड्यावर. हा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे, अगदी असाच, उभा. पण निगेटिव्ह उभं नव्हतं. ते 6 सेंटिमीटर बाय 6 सेंटिमीटर, चांगलं चौरस. म्हणजे पूर्वीच्या स्टुडिओवाल्याने कागदात बसवायला दोन्ही बाजू छाटल्या होत्या आणि आताच्या यंत्रवाल्याने साइज ‘नीट’ करायला पुन्हा त्याच छाटल्या होत्या. मोबाइलचा पडदा पांढरा करून निगेटिव्ह त्याच्यासमोर धरलं. डाव्या कडेला, माजघराच्या दारात, कोणीतरी उभं होतं. केस काळेभोर, कपाळावर पांढरं कुंकू.

माझी आजी. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणून जिने जन्मात कॅमेऱ्यासमोर उभं राहायला नकार दिला, ती. 1985 साली गेली. तिचा फोटोच नाही, असं आम्ही आजवर धरून चाललो होतो.

आता त्या सल्लागारांना विचारतो, पट्टी त्या दिवशी दुकानाच्या टोपलीत गेली असती तर? “क्लाउडवर असतं हो सगळं,” म्हणतात. काय असतं? छाटलेलं असतं ते! आणि 2006 साली हीच मंडळी सीडीची शपथ घेत होती. माझ्या लग्नाच्या सीडीला आज घरात ड्राइव्ह नाही. ती गॅलरीत दोरीला टांगून कबुतरं हाकलते.

आमच्या बँकांकडून तरी शिका. 2008 साली दिल्लीपासून चेक ट्रंकेशन सुरू झालं. तेव्हापासून चेक बँकेबँकेत फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते. मग मूळ कागद लगेच फाडतात? छे. तो जिथे भरला त्या बँकेला 10 वर्षं सांभाळावा लागतो. 500 रुपयांच्या चेकला 10 वर्षं, आणि आमच्या आजीला चार दिवस!

स्कॅनशी माझं वैर नाही. फिल्मही मरते. बुरशी धरते, काही फिल्मला तर व्हिनेगरसारखा वास सुटतो, तो तिच्या शेवटाचा. म्हणून प्रत काढाच, पण पूर्ण चौकट ठेवून, आणि मूळ पट्ट्या कोरड्या जागी कागदी पाकिटात घालून. मी ते फोटो आता स्वतःच काढतो. खाली उजळ पडदा, त्यावर थोडी उंच धरलेली काच, काचेवर निगेटिव्ह, चकचकीत बाजू वर, आणि वरून दुसरा मोबाइल. मग काळ्याचं पांढरं करायचं. बँकेत हे केलं तर नोकरी जाते, इथे चालतं.

आजीचा फोटो आईला दाखवला. तिने चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला. बराच वेळ काही बोलली नाही.

“पदर सारखा केलाय बघ त्यांनी,” शेवटी म्हणाली. “म्हणजे आपण फोटोत येतोय, हे ठाऊक होतं.”