जुना रॅक घ्या, पण रंग बघून नाही



शहापूर-मुरबाडकडे कोणी नवीन वर्कशॉप टाकलं, मग ते गॅरेज असो, फॅब्रिकेशन असो की मोटर रिवायंडिंग, मला दोनच प्रकार जास्त दिसतात. एक म्हणजे रॅक सगळे कोरे, चकचकीत, पण त्यावर ठेवायला माल नाही. दुसरा म्हणजे भंगारातून आणलेला गंजका रॅक, त्यावर घाईत मारलेला एक हात चंदेरी रंग, आणि पहिल्या पावसात निघालेले पोपडे.

माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला जुना लोखंडी रॅकच घ्या, पण त्याचं काम पूर्ण करा. ते काम परवडत नसेल तर त्या रॅकला हात लावू नका. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, रंग आणि प्रायमर खपला तर फायदा माझाच आहे. तरीही सांगते, प्रत्येक जुना रॅक रंगवायच्या लायकीचा नसतो.

आधी पैशाचं बघू

मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळतं. समजा त्यातले 16,000 नव्या रॅकवर गेले आणि तेवढीच सोय जुन्या रॅकमध्ये 7,000 रुपयांत झाली. हे आकडे फक्त हिशोब समजण्यापुरते आहेत, भाव तुमच्या बाजारात विचारा. वाचलेल्या 9,000 मध्ये गॅरेजवाल्याकडे केबल, ब्रेक शू, स्पार्क प्लग, ऑइल येतं. समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक परत जात नाही. बीबीएला आम्ही वर्किंग कॅपिटल शिकलो, आपल्याकडे त्यालाच खेळतं भांडवल म्हणतात. रॅकमध्ये अडकलेला पैसा खेळत नाही.

पण जुना रॅक स्वस्त म्हणताना अर्धाच हिशोब करू नका. रॅकची किंमत, टेम्पोचं भाडं, पेपर, प्रायमर, रंग, थिनर, नवे नट-बोल्ट आणि तुमचे स्वतःचे दिवस, हे सगळं लिहा. स्वतःची मजुरी धरायचीच. त्या दोन दिवसांत तुम्ही गिऱ्हाइकाचं काम करून किती कमावले असते? ही बेरीज नव्या रॅकच्या दोन तृतीयांशपेक्षा वर गेली, तर मी नवाच घेईन.

घेताना काय बघायचं

रॅकचे पाय बघा. लादी धुतलेलं पाणी तिथेच साचतं, म्हणून गंज खालून चढतो. स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं किंवा पत्र्याचे थर सुटले तर सोडून द्या. भोकं लांबट झालीत का, उभा अँगल वाकलाय का, हे दोरा धरून तपासा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. 14 गेज म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, 20 गेज म्हणजे 1 मिलिमीटरपेक्षाही कमी. जड सामानासाठी पातळ पत्रा घेऊन त्यावर कितीही चांगला रंग दिला तरी ताकद वाढत नाही.

मसाले, पापड, लोणची करणाऱ्या ताईंना वेगळं सांगते. केमिकल कंपनीतून निघालेला, आधी त्यावर काय ठेवलं होतं हे माहीत नसलेला रॅक खाण्याच्या मालासाठी अजिबात नको. मग तो कितीही स्वस्त मिळो.

काम कसं पूर्ण करायचं

रॅक सगळा सोडवा. आधी तेल-ग्रीस थिनरने किंवा साबणाच्या पाण्याने काढा आणि सुकवा. तेलावरच पेपर मारला तर ते सगळीकडे पसरतं आणि रंग धरत नाही. मग वायर ब्रश, 80 नंबर पेपर, नंतर 120. सुटलेला रंग आणि गंज पूर्ण निघायलाच हवा.

इथे जपून. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि कारखान्याच्या रंगाला तर हा नियम नव्हताच. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपरने ओला घासा, चांगला मास्क आणि चष्मा लावा, लहान मुलांना लांब ठेवा. घरात किंवा ओट्यावर हे काम नको.

घासलेलं लोखंड लगेच पुसून, सुकवून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. तानसा, भातसाच्या आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडं लोखंड रात्रीत लालसर होतं. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत उरका. कडा आणि भोकं आधी ब्रशने भरा, गंज तिथूनच सुरू होतो. प्रायमर सुकल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात चालणार नाही. रंग हाताला सुका लागला तरी चार-पाच दिवस माल ठेवू नका, नाहीतर डबे चिकटतील.

जोडताना नट-बोल्ट नवे, कोपऱ्याला प्लेट, पायाला प्लॅस्टिकचे बूट. उंच रॅक भिंतीला फास्टनरने बांधा आणि जड माल खालच्या खणात ठेवा. वर ठेवलेला गिअरबॉक्स पोरगा खेचायला गेला आणि रॅक आडवा झाला, तर वाचवलेल्या पैशाचं काय करणार?

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. "मुहूर्ताला भंगार आणलं" असं पाहुणे म्हणतीलच. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पूजा करतो, त्यात आजोबांचा घणही असतो. तिथे जुन्याचा कमीपणा वाटत नाही, मग रॅकचा का वाटावा? गिऱ्हाईक बघतं ते एकच, मागितलेली वस्तू लगेच हातात येते का.

तेव्हा भंगारवाल्याकडे जाताना खिशात स्क्रूड्रायव्हर, टेप आणि दोरा ठेवा, आणि एक कागद. आधी वरची बेरीज त्या कागदावर लिहा, मगच भाव करायला सुरुवात करा.