प्रथिनपूड टाळावी, पण कोणी?

८ मे २०२४ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी १७ सूत्रांची आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके घेणे टाळावे, असे त्यांतील एक सूत्र सांगते. निरोगी माणसाला रोजच्या जेवणातून पुरेशी प्रथिने मिळू शकतात, हा त्यामागील विचार योग्यच आहे. पण ही बातमी एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर फिरत गेली, तेव्हा ‘शरीर कमावण्यासाठी’ हे दोन शब्द वाटेतच गळाले आणि ‘प्रोटीन पावडर टाळा’ एवढेच उरले.

हे दोन शब्द गळाल्याने सर्वाधिक नुकसान कोणाचे होते? माझ्या मते, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांत तिची मोठी चर्चा झाली होती. आज मध्यमवर्गीय कुटुंबांतही असे रुग्ण भेटतात. येथे मदन महलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंनी तो संदेश वाचून पुडीचा डबा माळ्यावर टाकला होता. ‘अगं, सरकारनंच नको म्हटलंय ना?’ हा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, ‘काकू, ते तुमच्यासाठी नव्हतं. डबा बंद करण्याआधी आहारतज्ज्ञांना एकदा विचारा.’

त्यांच्यासाठी ते का नव्हते, हे साध्या गणिताने कळते. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. अशा रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. आपल्या घरच्या वाटीभर वरणात ती जेमतेम ६ ग्रॅम असतात. म्हणजे निव्वळ वरणावर भागवायचे तर १० वाट्या, सुमारे दीड लिटर! सातू पौष्टिक खरा, पण त्यात प्रथिने पंचमांशच असल्याने ६० ग्रॅमसाठी ३०० ग्रॅम सातू लागेल. याउलट मठ्ठ्याच्या पाण्यातील प्रथिनांच्या शुद्ध पुडीत, म्हणजे ‘व्हे आयसोलेट’मध्ये, सुमारे ९० टक्के प्रथिने असतात, २५ ग्रॅम पुडीतून २२ ग्रॅम मिळतात. प्रश्न आवडीनिवडीचा नाही, आकारमानाचा आहे.

प्रथिने कमी पडली तर शरीर ती स्नायूंतून काढून घेते. या शस्त्रक्रियेनंतर घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचाही वाटा असतोच. तो शक्य तितका आटोक्यात ठेवायचा असतो. वजनकाटा हा भेद दाखवत नाही. मदन महलच्या टेकडीवरील किल्ल्याची चढण मात्र तो लगेच दाखवते.

बिनस्वादाचीच पूड का? शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चव बदलते, गोड पेयांचा उबग येतो. बिनस्वादाची पूड ताकात, वरणात, दलियात, थालीपिठाच्या पिठात मिसळून जाते आणि रुग्ण घरच्यांसोबत घरचेच जेवतो. येथे विद्यार्थ्यांना परिचित असलेले विज्ञान कामाला येते. पूड उकळत्या वरणात टाकली की बाहेरचा थर क्षणात ओला होऊन चिकटतो, पाण्याची वाट अडते आणि आत कोरडी गुठळी राहते. पिठल्यासाठी बेसन आधी गार पाण्यात कालवतात ते याचसाठी. शिवाय साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना धरून साखळतात. म्हणून पूड आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवावी व वरण कोमट झाल्यावर त्यात घालावी. ‘तापवले की प्रथिने मरतात’ हा मात्र गैरसमज आहे. घडी मोडली तरी अमिनो आम्ले तीच राहतात. पोटातले आम्लही तेच काम करते. थालीपीठ भाजल्याने पोषण वाया जात नाही.

खरी काळजी दुसरीकडे आहे. डब्यावरचा प्रथिनांचा आकडा बहुधा प्रथिने मोजून आलेला नसतो. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ सारख्या ठरलेल्या अंकाने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे ही पद्धत विचारत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच फटीचा फायदा घेतला आणि त्याची किंमत तान्ह्या बाळांनी मोजली. आपल्याकडे २०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या गटाने बाजारातील ३६ पुडी तपासल्या. त्यांपैकी २५ मध्ये प्रथिनांचा दावा खरा नव्हता. काहींत दाव्याच्या निम्मीच प्रथिने होती. काहींत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही सापडले.

व्यायामशाळेत जाणाऱ्या धडधाकट तरुणाची अशी फसवणूक झाली तर त्याचे पैसे जातात. उरलेली भूक तो ताटातून भागवतो. लहानशा जठराच्या रुग्णाकडे ती सोय नाही. दिवसाच्या ४५ ग्रॅमचे प्रत्यक्षात २२ झाले, तर ती तूट त्याच्या स्नायूंतून भरली जाते. ज्याची गरज सर्वांत खरी, तोच सर्वांत असुरक्षित, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

म्हणून माझी भूमिका अशी. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पूड हा औषधोपचाराचा भाग मानावा. प्रत्येक उत्पादन-तुकडीचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल, त्यात नायट्रोजनबरोबरच अमिनो आम्लांचे विश्लेषण, ग्राहकाला डब्यावरूनच पाहता यावा. आहारतज्ज्ञांनी ‘पावडर घ्या’ एवढेच न सांगता किती, कोणती आणि कशात कालवून घ्यायची, हे लिहून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक काम आपले. विज्ञानाची कोणतीही बातमी पुढे पाठवण्यापूर्वी ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न विचारा. भौतिकशास्त्रात सीमा-अटींशिवाय समीकरणाचे उत्तर निश्चित होत नाही. आरोग्याच्या सल्ल्यालाही त्या अटी असतात, आणि त्या गाळून तो पुढे पाठवला तर कुणाच्या तरी घरी आवश्यक डबा माळ्यावर जातो.