विमान मालकाचे, पैसा प्रवाशाचा, दिवाळे कोणाचे?

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्यात ‘उडान’ योजनेच्या पहिल्या विमानाला झेंडा दाखविला, त्याच समारंभात नांदेड–हैदराबाद सेवेचेही दुरून उद्घाटन झाले. पायात हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसावा, अशी इच्छा त्या वेळी व्यक्त करण्यात आली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा ठरली. नांदेडहून उडणारी कंपनी होती हैदराबादची ट्रुजेट. पुरती पाच वर्षेही झाली नाहीत तोच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, या कंपनीची सर्व उड्डाणे थांबली. मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअर ही दुसरी कंपनी नांदेडात आली, तेव्हा पुन्हा उद्घाटन झाले, पुन्हा हारतुरे झाले. मधल्या काळातून कोणता धडा घेतला, हे मात्र कोणी कोणास विचारले नाही.

विमानाच्या तिकिटाचा प्रश्न हा श्रमिकांच्या चळवळीचा प्रश्न नव्हे, असे म्हणणारे कार्यकर्ते आहेत. ज्यांना एस.टी.चे भाडे परवडत नाही त्यांच्यासाठी लढायचे सोडून विमानवाल्यांची वकिली कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल प्रामाणिक आहे, पण जुना आहे. नांदेडच्या विमानात बसणाऱ्यांत तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारा वृद्ध भाविक असतो. रोग्याला घेऊन मुंबईकडे वा हैदराबादकडे निघालेले कुटुंब असते. आखाती देशांत मजुरीला जाणारा तरुण मराठवाड्यातून निघतो आणि हैदराबाद किंवा मुंबई गाठून पुढचे विमान धरतो. लातूरला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी सेवा नाही. म्हणून लातूरकर आधी रात्रभर गाडीने प्रवास करतो आणि मग विमानात बसतो. ही माणसे स्वस्त तिकिटाच्या मागे असतात, आणि स्वस्त तिकीट हवे तर ते दोन-तीन महिने आधी काढावे लागते. श्रीमंत माणूस आदल्या दिवशी तिकीट काढतो. त्याचे पैसे कंपनीकडे एक रात्र राहतात, गरजूचे तीन महिने राहतात.

या तीन महिन्यांतच सारे रहस्य आहे. बँकेकडून कर्ज घ्यायचे तर कंपनीला तारण द्यावे लागते आणि व्याज मोजावे लागते. प्रवाशाकडून घेतलेल्या आगाऊ भाड्याला तारण नाही, व्याज नाही, पावतीखेरीज कागद नाही. हा पैसा कंपनी इंधनात, पगारात, जुन्या देण्यांत घालते. उद्याच्या प्रवाशाच्या पैशावर आजचे विमान उडते. कंपनीचा ओघ चालू आहे तोवर हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ओघ तुटला की शेवटी ज्याने पैसे भरले तो बुडतो.

गो फर्स्टचा इतिहास ताजा आहे. २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ मेपासून विमाने जमिनीवर राहिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांचे पैसे नियमाप्रमाणे परत करण्याचा आदेश दिला. आदेशाची शाई वाळते न वाळते तोच, १० मे रोजी, न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीला कायद्याचे कवच मिळाले. हे कवच चढले की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. नांदेडच्या वा लातूरच्या ग्राहक आयोगात गेलेल्या माणसालाही थांबावे लागते. मग त्याने ठराविक नमुन्यात दावा भरायचा, पुरावे जोडायचे आणि वाट पाहायची. क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्याला निदान बँकेकडे तक्रार करण्याची एक वाट असते. गल्लीतल्या एजंटाच्या हातावर रोख नोटा ठेवून तिकीट काढणाऱ्याला तीही नाही, आणि त्या एजंटाचेही पैसे वर कोठेतरी अडकलेले असतात. २० जानेवारी २०२५ रोजी गो फर्स्टच्या अवसायनाचा आदेश झाला. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली होती; तिच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. साडेपाच वर्षे!

अवसायनात पैसा कोणाला कोणत्या क्रमाने मिळावा हे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिले आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, म्हणजे वकील आणि व्यावसायिक. मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि त्यांच्या बरोबरीने तारण असलेल्या बँका. मग इतर कर्मचारी, मग तारण नसलेले वित्तीय धनको, मग सरकार. त्यानंतर ‘उर्वरित देणी’ नावाची एक पायरी येते, तेथे प्रवासी उभा असतो. त्याच्या खाली केवळ भागधारक. ज्या कंपन्यांची विमानेसुद्धा भाड्याची असतात त्यांच्या लिलावातून या पायरीपर्यंत काय झिरपणार, हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

कामगारांचा क्रम वरचा आहे आणि तो वरचाच राहिला पाहिजे. प्रवाशाला न्याय देण्यासाठी कामगाराच्या ताटातले काढण्याची गरज नाही. तसे सुचविणाऱ्यापासून सावध राहावे. मुळात प्रवाशाचा पैसा त्या ताटात यायलाच नको होता.

विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांचे काय झाले ते पाहावे. गो फर्स्टची विमाने अडकली तसा या कंपन्यांनी जगभर गवगवा केला आणि भारताला विमाने भाड्याने देणे धोक्याचे आहे असा इशारा दिला. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, बरोबर पाच महिन्यांत, केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमाने आणि इंजिने त्या कवचातून वगळली. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा मार्ग मोकळा केला. २०२५ मध्ये संसदेने विमानविषयक हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. भारताने २००८ मध्ये केपटाऊन करार स्वीकारला होता, त्याचे पालन केले, असे यावर उत्तर दिले जाते. उत्तर खरे आहे. पण विमानाच्या मालकाच्या हितासाठी अधिसूचना आणि कायदा दोन्ही होऊ शकतात, मग त्या विमानात बसणाऱ्यासाठी एक ओळही का लिहिली जात नाही? प्रवासी विखुरलेला आहे. त्याचे पाच-सहा हजार बुडाले तर तो कपाळाला हात लावतो आणि रेल्वेच्या रांगेत उभा राहतो.

मार्ग सापडत नाही असेही नाही. घर घेणाऱ्यांनी रस्त्यावर येऊन आवाज केला तेव्हा २०१८ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन त्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. त्याआधी, २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक झाले. बँकांच्या बाबतीत तर ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे. लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, ठेवीदार हवालदिल झाले आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा लागू झाला. आरंभी दीड हजार रुपयांचे संरक्षण होते, २०२० पासून ते पाच लाखांचे आहे.

विमानप्रवाशासाठी हेच करता येते. तिकिटाचे पैसे विश्वस्त खात्यात राहावेत आणि विमान उतरल्यावरच कंपनीच्या हाती पडावेत. संहितेच्या कलम ३६ नुसार, दुसऱ्याच्या मालकीची आणि विश्वस्त म्हणून ठेवलेली मालमत्ता अवसायनाच्या मालमत्तेत धरता येत नाही. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी याच कलमाने बाहेर राहतो. म्हणजे नवे तत्त्व शोधायचे नाही, आहे तेच विमानाच्या तिकिटाला लावायचे आहे. हे जड वाटत असेल तर निधी उभारावा. ब्रिटनमध्ये १९७३ पासून सहल कंपन्यांना अशा योजनेत राहावे लागते आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड निधीत जातात. २०१९ मध्ये टॉमस कूक कोसळली तेव्हा परदेशी अडकलेल्या दीड लाखांच्या आसपास लोकांना तेथील शासनाने घरी आणले. त्या योजनेतही छिद्रे आहेत. विमान कंपनीकडून थेट घेतलेले नुसते तिकीट तिच्यात येत नाही. आपल्याकडे तर छिद्र पडायलाही कापड नाही.

तिकीट महाग होईल, प्रादेशिक सेवा मरतील, अशी ओरड होईल. ‘उडान’साठी मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर हजारो रुपयांचा आकार लावून निधी उभारण्यात आला आणि त्यातून कंपन्यांची तूट भरली गेली, तेव्हा ही ओरड एवढी ऐकू आली नव्हती. विमानतळांचेही तेच झाले. जनतेच्या पैशाने उभे राहिलेले नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि यवतमाळ हे पाच विमानतळ २००९ मध्ये अनिल अंबानी समूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, आणि पुढे राज्यकर्त्यांनाच ते परत घेण्याची भाषा करावी लागली.

केंद्राची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ‘उडान’मधील कंपनीची जी तूट भरून दिली जाते तिच्यात महाराष्ट्र शासनाचा वाटा २० टक्के आहे. हा पैसा देताना शासन अट घालू शकते: या विमानतळावरून उडणाऱ्या कंपनीने आगाऊ भाडे वेगळ्या खात्यात ठेवावे, नाहीतर तेवढ्या रकमेची बँक हमी द्यावी. नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांना लेखी विचारावे, की शासनाने आजवर ज्या कंपन्यांना हे पैसे दिले त्यांच्यापैकी एकीच्या तरी करारात अशी अट आहे काय, आणि नसेल तर पुढच्या करारात ती घालण्यासाठी ते विधानसभेत कोणत्या दिवशी उभे राहणार आहेत.