भाव कोणाला?

आजच्या विद्यार्थ्यावर ‘मोबाईलवेडा’ असा शिक्का मारणे फार सोपे झाले आहे. मला तो शिक्का मान्य नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि लोणार-मेहकरकडच्या खेड्यांतील मुलामुलींनाही स्पर्धा परीक्षांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येऊ लागली. शिकवणीसाठी पुण्याला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांना हे दार बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

परंतु मित्रहो, त्याच दारातून बाजारही घरात आला आहे. इन्स्टाग्राम वापरायला पैसे लागत नाहीत. त्याचे सारे भागते जाहिरातींवर. खामगावला चांदीच्या पेढीत शिरताना आपण खरेदीला आलो आहोत, याचे भान असते. येथे मित्राच्या वाढदिवसाची छायाचित्रे पाहता पाहता बुटांची जाहिरात डोळ्यांपुढून सरकते आणि आपण दुकानात शिरलो, हे कळतही नाही. पूर्वी हेवा वाटे तो शेजारच्या आळीचा. आता आपली तुलना थेट मुंबईच्या श्रीमंत मुलांशी होऊ लागली आहे.

एक साधा हिशेब मांडतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे २५,००० रुपयांचा मोबाईल घ्यायचा तर ५ क्विंटलांहून अधिक सोयाबीन विकावे लागे. आणि बाजारात अनेकांच्या पदरी तो हमीभावही पडला नाही. दुकानदार मात्र एवढेच सांगतो, ‘महिन्याला फक्त दोन हजार!’ हप्ता महिन्याला येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पैसा येतो तो हंगामाला. मधल्या महिन्यांचा हप्ता कोण भरतो आणि कोणाकडून उसने घेऊन भरतो, हे स्टेटसवर कधी दिसत नाही.

दाखविण्याची घाई झाली की पाहणे राहून जाते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, हे त्याचे कारण. छायाचित्र पुढे पाठविणाऱ्यांपैकी किती जणांनी ते जाणून घेतले? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश जाहीर झाला. त्याची चर्चा आपल्यात कितीशी झाली?

म्हणून मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, एखादी वस्तू घेण्यापूर्वी तिची किंमत रुपयांत न मोजता घरच्या पिकात मोजावी. तरीही गरजेची वाटली, तर खुशाल घ्यावी. आणि साधा फोन हातात असलेला एखादा मित्र संकोचाने आपल्या घोळक्यापासून दूर उभा राहत असेल, तर त्याला आधी जवळ बोलवावे. माणसापेक्षा वस्तूला अधिक भाव आपणच देत आलो आहोत. तो उतरविणेही आपल्याच हाती आहे.